एक बोट वाढतं

बुटाला चाकं लावणं सोपं आहे, चाकांना बूट लावणं अवघड. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो आणि प्रत्येक जण हसतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनाही ऐकवलं. ते हसले आणि म्हणाले, "मामा, हेच लिहून द्या." आता आली का पंचाईत! चाळीस वर्षं हातात रापी धरलेल्या माणसाला कागद दिला की तो आधी कापायला बघतो. पण हो म्हणून बसलोय, तेव्हा लिहितो. कुठं उसवलं तर संपादकांनी टाका घालून घ्यावा.

परभणीत माझं जोड्यांचं दुकान आहे. आजोबा विहिरीच्या मोटा शिवायचे, वडील शेतकऱ्यांचे जोडे. मी रोलर स्केटचे बूट करतो, असं सांगितलं की नव्या माणसाला काही उमजत नाही. मग मी टेबलावर बोटं पळवून दाखवतो. "हां हां, ते घसरायचं असतंय ते!" असं तो म्हणतो. घसरायचं नव्हे रे बाबा, न घसरता पळायचं. घसरायला बूट कशाला लागतो? केळीचं साल बास आहे.

तर स्केट दोन जातींचे. जुनी जात म्हणजे लोखंडाची पाटी, तिला खाली चार चाकं आणि कडेला पट्टे. शाळेचा बूट घातलेलं पाऊल त्यावर ठेवायचं, पट्टे आवळायचे, निघायचं. पाटीच्या मधोमध एक बोल्ट असतो. तो ढिला केला की पाटी लांब होते. आमच्याकडं ही जात लय आवडीची. आज थोरला वापरतो, उद्या धाकटा, परवा आत्याचा पोरगा. कारण आमच्या भागात वस्तू घेताना "कशी हाय?" असं कुणी विचारत नाही, "वाढती हाय का?" असं विचारतात. पोरीचा फ्रॉक शिवणीत माया सोडून वाढत्या अंगाचा, पोराची चड्डी वाढत्या अंगाची आणि चपलेत तर टाचेमागं एक बोट शिरलंच पाहिजे. दुकानदारानं ते बोट घालून दाखवलं नाही तर गिऱ्हाईक उठून चालायला लागतं. मी स्वतः चौथीत ज्या चपला घातल्या त्या मला सातवीत मापाच्या झाल्या, तोवर त्या झिजून संपल्या होत्या.

दुसरी जात म्हणजे बूट आणि चाकं एकच. बुटाचा तळ पाटीवर कायमचा बसवलेला. माणूस जमिनीवर पळतो तेव्हा पाऊल जमिनीला धरतं. चाकांवर धरायला जमीनच नसते, पावलाला काय तो बुटाचाच आधार. म्हणून टाचेभोवती ताठ वाटी लागते, घोट्याच्या वर चार बोटं कातडं लागतं आणि नाडी अशी लागते की पळता पळता ढिली पडणार नाही. वळताना माणूस घोट्यानं हुकूम सोडतो. तो हुकूम बुटाला, बुटाकडून पाटीला आणि पाटीकडून चाकांना पोचावा लागतो. बुटात पोकळी असली की हुकूम तिथंच अडकतो. हे सगळं मला पहिल्यापासून तोंडपाठ होतं. तोंडपाठ असणं आणि हाताला माहीत असणं यात फरक आहे, तो पुढं येईलच.

लोखंडाचं काम ख्वाजाभाईंचं. त्यांचं लेथ माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून आहे. स्वभावानं शांत, पण बोलले की फोडणीच देतात. "उस्ताद, लोहा सीधा आदमी है," ते म्हणायचे, "जितना बोलो उतनाच रहता. ये तुम्हारा चमडा बदमाश है, पानी लगा तो बढता, धूप लगी तो सिकुडता." आम्हा दोघांना या धंद्यात ओढलं बोरीच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी. शाळेला पट्ट्याच्या जुन्या पाट्या कुठून तरी मिळाल्या होत्या. सरांना बूटवाले स्केट हवे होते. मोठ्या शहरातून मागवण्यापेक्षा इथंच का होऊ नयेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

पहिला जोड सरांच्याच पायाचा केला. बूट मी असा शिवला होता की लग्नात घालावा. सर शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर उभे राहिले, एक ढकल दिली आणि डावीकडं निघाले. पुन्हा सरळ झाले, पुन्हा डावीकडं. पाटी मधल्या रेघेपासून सुताभर सरकली होती आणि त्या सुताभरानं सरांना मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या. पोरं टाळ्या वाजवायलीत, सर ओरडायलेत, "मामा, थांबायचं कसं?" तेव्हा आम्हा दोघांना आठवलं की पुढं रबराचा ठोकळा लागतो, तो टेकवून थांबतात. तो आम्ही लावलाच नव्हता. शेवटी सरांनी कडेच्या लिंबाच्या झाडाला मिठी मारली. ख्वाजाभाई म्हणाले, "ब्रेक अच्छा है, हरा है."

गिऱ्हाइकांचेही एकेक नमुने. राणीसावरगावकडचा एक नवरदेव आला. त्याला मोजडीला चाकं हवी होती. मांडवात चालत न येता तरंगत यायचं आणि त्याचं मोबाइलवर शूटिंग करायचं, असा बेत. मी समजावून सांगितलं, मोजडीला घोट्याचा आधार नसतो, तोंडावर पडशील. "पडलो तर ते बी शूटिंग चाललंच की," असं म्हणाला. शेवटी उंच कातड्याचा बूट करून त्यावर मोजडीची नक्षी शिवून दिली. त्यानं कापसाच्या गोदामात महिनाभर सराव केला, पक्का शिकला. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारापर्यंत झोकात आला आणि आत पाऊल टाकताच जागच्या जागी खिळला. मांडवात गालिचा अंथरला होता! गालिच्यावर चाकं कशी फिरणार? मग दोन मेहुण्यांनी उचलून त्याला स्टेजवर नेऊन ठेवलं. मी पंक्तीत बसून मान खाली घालून जेवत होतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं. आता जे सांगायचंय ते शीतलचं.

शीतल बोरीची. तेरा वर्षांची होती. आईबाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ही चुलत्याकडं राहून शाळा शिकायची. एक दिवस सरांचा फोन आला. "मामा, ही पोरगी पट्ट्याच्या पाटीवर बूटवाल्या पोरींना मागं टाकायली. हिला बूट करा. फाल्गुनात विभागाची निवड हाय. पुढच्या साली ती ह्या वयाच्या गटात बसत न्हाई अन् वरच्या गटात आपल्याकडून कुणाचा निभाव लागंना. तिच्यासाठी हीच एक खेप हाय."

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तिची आई, शेवंताबाई, दुकानात आली. पोरगी बरोबर नव्हती. बाईंनी ओच्यातून एक तुराटीची काडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे बगा दादा, पोरीचं पाऊल."

"अन् पोरगी कुठंय?"

"तिची परीक्षा चालू हाय. आमची गाडी उद्या निघायली. कारखान्यावर गेल्यावर मंग आमी कवा यावं?"

शहरातल्या वाचकांना हे सांगायला हवं. खेड्यातून बाजाराला माणूस एकटा येतो आणि घरातल्या पाच जणांच्या चपला नेतो. पायांना काही तो बरोबर आणू शकत नाही. मग घरी पाऊल जमिनीवर टेकवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक काडी मोडायची आणि तीच दुकानात न्यायची. माझ्या वडिलांच्या खुंटीला अशा काड्यांची जुडी लटकलेली असायची. तिच्यावर त्यांनी कितीतरी घरं चालवली, चपलेच्या अर्थानं म्हणतो मी. काडीत लांबी असते, पण रुंदी नसते, उंची नसते, पाऊल वजनाखाली किती पसरतं ते नसतं. चपलेला ते चालून जातं.

मी विचारलं, "रुंदी?"

बाईंनी उजव्या हाताची चार बोटं जोडून पुढं केली. "येवढी." त्या बोटांवर कोयत्याचे जुने वण होते.

खरं तर मी तिथंच सांगायला पाहिजे होतं की बाई, पोरगी समोर उभी राहिल्याशिवाय हा बूट होत नसतो. पावलाचं माप सायंकाळी घेतात, तेव्हा पाऊल दिवसभराच्या वजनानं फुललेलं असतं. दोन्ही पावलांचं घेतात, कारण कुणाचीही दोन पावलं सारखी नसतात. हे सगळं मला माहीत होतं. पण बाई गाडी निघायच्या घाईत होत्या आणि मी अनुभवाच्या मस्तीत होतो. दाराबाहेर जाऊन त्या पुन्हा वळल्या. "दादा, नीट करा बरं. आमी इथं नसताव."

मी काडीला चिठ्ठी बांधून खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी कामाला बसलो. बूट ज्यावर चढवून शिवतात त्या लाकडी पावलाला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याला काडी लावली आणि माझा हात आपोआप एक बोट पुढं सरकला. वाढती पोर आहे, माय सहा महिन्यांनी येणार, बूट दोन वर्षं तरी पुरला पाहिजे. मला त्या वेळी स्वतःचं कौतुकच वाटलं. काय कनवाळू माणूस आहे मी!

सर येऊन बूट घेऊन गेले. चार दिवसांनी त्यांच्या फोनवरून शीतल बोलली. "मामा, लय भारी झालेत. झोपताना बी उशाला ठेवायले मी." मी विचारलं, बरोबर बसले ना? "लय बरोबर," ती म्हणाली.

निवडीला पंधरा दिवस राहिले असतील. दुपारी सरांचा फोन आला. धान्य वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर सराव चालला होता. वळणावर शीतल पडली, घोट्याचं हाड मोडलं. मी दुकान उघडंच टाकलं, ख्वाजाभाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि बस धरली. जिंतूरच्या दवाखान्यात ती खाटेवर होती, पायाला प्लास्टर. मला बघून तिनं पहिलं काय विचारावं? "मामा, चाकाला काय झालं न्हाई ना?"

खाटेखाली बूट ठेवले होते. मी उजवा उचलला. नाडी पक्की, टाचेची वाटी ताठ, पाटी सरळ, चाकं गरागरा फिरतायत. मला काही कळेना. मग आत हात घातला तर पुढं काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं तर कापूस. मूठभर कापूस, बोटांच्या आकारात दाबून बसलेला. डाव्या बुटातही तेवढाच.

"शीतल, हे काय?"

"थोडे मोठे व्हते मामा. पण कापूस घातल्यावर बरोबर बसायलेत."

"मला सांगितलं कामून न्हाईस?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिच्या आयुष्यात आलेली प्रत्येक चप्पल, प्रत्येक कपडा मोठाच होता. तिला वाटलं, बूट असाच असतो. मी पुढं विचारलं, कापूस घालायचं तुला कुणी शिकवलं? त्यावर तिनं विषयच बदलला. म्हणाली, "मायला इतक्यात सांगू नका. ती ऊस सोडून येईल, मंग मुकादम वरडतो."

बसमध्ये परत येताना मी बूट मांडीवर आणि तो कापूस खिशात घेऊन बसलो होतो. वळणावर तिचं पाऊल वळलं आणि बूट सरळ राहिला, एवढंच झालं होतं. मी लाजेनं अर्धा झालो, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी दुकानावरची 'येथे चाकांचे बूट तयार करून मिळतील' ही पाटी मी उतरवली. ख्वाजाभाईंनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पाटी आत नेऊन ठेवायला मदत केली.

निवड तिच्याविना झाली. शीतल घरी पाय वर करून बसलेली होती.

गुढीपाडव्यानंतर शेवंताबाई आल्या, बरोबर शीतल. प्लास्टर निघालं होतं, पण चाल जपून होती. मी उठून उभा राहिलो. शिव्या ऐकायची तयारी होती, नव्हे, ऐकायच्याच होत्या मला. बाई एवढंच म्हणाल्या, "दादा, काडी हाय का?"

खुंटीवरून काढून दिली. त्यांनी शीतलला चप्पल काढायला लावली, खाली बसल्या आणि काडी तिच्या पावलाला लावली. अंगठ्याच्या पुढं एक बोट काडी शिल्लक राहिली.

"हे एक बोट माझं," त्या म्हणाल्या. "मोडतानाच वाढीव धरलं व्हतं. वाढती पोर हाय म्हनून." मग त्यांनी बूट मागितला आणि काडी बुटात घातली. पुढं आणखी एक बोट जागा राहिली. "अन् हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, वाढीव ठेवायची अक्कल मला एकट्यालाच आहे. त्यांनाही तसंच वाटलं होतं. दारात ख्वाजाभाई केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. ते हळूच म्हणाले, "दोनों ने माया डाली. बच्ची का पाँव किधर रखना फिर?"

बाई रडल्या. मीही रडलो, वय काढू नका. शीतल मात्र खुंटीखालच्या फळीवर ठेवलेल्या चाकांकडं बघत होती.

"मामा, दुसरे करता का?"

"मी सोडलं बाई ते काम."

"कामून सोडलं?" शेवंताबाई डोळे पुसून एकदम ठसक्यात बोलल्या. "पोरगी पडली तर ती सोडना, अन् तुमी दुकानात बसून सोडायलाव? करा. अन् ह्या खेपेला मापाचे करा."

"मापाचे केले तर सालभरात लहान होतील, ताई."

सगळा घोळ त्यातच आहे. मापाचा बूट म्हणजे आमच्याकडं चैन. ज्यांचं पोर दर वर्षी वाढतं आणि घर तेवढंच राहतं त्यांनी काय करावं?

उत्तर ख्वाजाभाईंनी दिलं. त्यांनी सरांच्या शाळेतली पट्ट्याची जुनी पाटी आणली, तिचा मधला बोल्ट ढिला केला, पाटी लांब केली, आखूड केली. "उस्ताद, बढने का है तो लोहे को बढने दो ना. चमडा नाप का बनाओ." मी कपाळावर हात मारला. आजवर बूट पाटीला रिबिटांनी ठोकून एकजीव करत होतो. आता रिबिट काढले, नट-बोल्ट लावले. पाटी मागं-पुढं सरकणारी केली. पोर वाढलं की चाकं तीच, पाटी तीच, फक्त बूट बदलायचा. उतरलेला बूट धुऊन, अस्तर बदलून पुढच्या पोराच्या पायाला. दोन महिने लागले. सरकत्या पाटीत आधी खडखड यायची, बोल्ट ढिले पडायचे. तिसऱ्या खेपेला जमलं. पहिला जोड शीतलचा. माप संध्याकाळी घेतलं, तिला कागदावर उभं करून, दोन्ही पावलांचं. बूट घालून तिनं नाडी बांधली आणि घाबरून वर पाहिलं. "मामा, आत जागाच न्हाई!" जागा नसलेला बूट तिनं जन्मात पहिल्यांदा घातला होता.

वाचकांना आता वाटत असेल की ती पुढं राज्यात पहिली आली. नाही आली. ती एक खेप गेली ती गेलीच. वरच्या गटात ती दोनदा उतरली, घोट्यानं साथ दिली नाही. थंडीत तो अजून ठणकतो, ती सांगत नाही पण मी चाल बघतो. चालीवरून ओळखणं हा माझा धंदाच आहे. ते एक बोट माझ्या नावावर आहे आणि राहणार. सरकती पाटी बनवली म्हणून ते खोडलं जात नाही.

शीतल आता परभणीत राहते, खेळाच्या शिक्षणाचा कोर्स करते आणि रविवारी पोरांना स्केटिंग शिकवते. माझ्याकडं पोरं घेऊन येते. एखादी आई म्हणालीच, "मामा, जरा वाढतं घ्या," की ही माझ्या आधी बोलते, "ताई, पाटी वाढती हाय. बूट मापाचा राहू द्या."

या पावसाळ्यात, संध्याकाळच्या वेळी, ती आईला घेऊन आली. "मामा, मायला बूट करा. उसात तोडलेली बुडखं टोचतात." शेवंताबाई संकोचल्या होत्या, मला काय करायचेत बूट, सहाच महिने तर घालायचे, असं पुटपुटत होत्या. पायात नवऱ्याचे जुने बूट होते. मी कागद अंथरला. "काढा ते आणि उभ्या राहा यावर."

त्यांनी बूट काढले. उजव्यातून पावलाबरोबर काहीतरी बाहेर आलं आणि फरशीवर पडलं. कापूस. मूठभर, काळा पडलेला, बोटांच्या आकारात दाबून बसलेला.

शीतलनं तो उचलला आणि मुठीत धरला. माझ्याकडं बघितलं नाही. जिंतूरच्या दवाखान्यात मी तिला विचारलेल्या 'कुणी शिकवलं' या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं.

"लग्नापास्नं असंच घालते मी," शेवंताबाई हसून म्हणाल्या. "सवय झाली."

मी खाली बसलो आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवायला लागलो. टाच झाली, कड झाली, अंगठ्यापाशी आलो आणि माझा मेला हात पुन्हा आपला आपण पुढं सरकला. बाईंनी वाकून पेन्सिलीवर बोट ठेवलं.

"दादा, आता मी काय वाढायची न्हाई."

मी पेन्सिल मागं घेतली, अंगठ्याला टेकवली आणि तिथंच रेघ ओढली.